पाण्यावरचा जोडा

खालिद सर आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांची सगळ्यांशी ओळख करून दिली गेली. मुख्याध्यापक एकेकाचं नाव आणि विषय सांगत होते आणि सर प्रत्येकाला नमस्कार करत होते. पण नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नव्हती, पायावर होती. गणिताच्या सरांना वाटलं, आपल्या पँटला काही लागलंय. त्यांनी वाकून पाहिलं. मग खालिद सर म्हणाले, "तुमचा उजवा जोडा आतल्या बाजूनं झिजून राहिला, सर. गुडघा दुखत असेल." गणिताच्या सरांचा गुडघा दुखत होताच, पण पहिल्या भेटीत हे कोण बोलतं? त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले.

ही सवय घरातून आलेली. सर मूळचे लातूरचे. गंजगोलाईजवळ त्यांच्या वडिलांचं चपला-जोड्यांचं दुकान होतं, ते पुढं थोरल्या भावाकडं, रशीदभाईंकडं आलं. खालिद सर दुकानात वाढले, खेळाच्या शिक्षकाची पदवी घेतली, आणि नोकरी मिळेना म्हणून आखातात गेले. तिथं समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात बोट चालवायची आणि पाहुण्यांना वॉटर स्कीइंग शिकवायचं असं त्यांचं काम. पायाला लांब फळ्या बांधायच्या, हातात दोरी धरायची, पुढं बोट पळते आणि माणूस पाण्यावर उभा राहून तिच्या मागं घसरत जातो, तो खेळ. लातूरच्या माणसानं हे काम करावं यात गंमत होती, आणि ती सगळ्यात आधी सरांनीच सांगून टाकली होती. "आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. आन मी काय करून राहिलो होतो? पाण्यावर लोकांना उभं करून राहिलो होतो. अम्मीला खोटंच वाटायचं. ती म्हणायची, खरं सांग, हॉटेलात भांडे घासतो ना?"

अम्मीसाठीच ते परत आले, नांदेडला आमच्या शाळेत लागले. येताना हॉटेलवाल्यांनी मोडीत काढलेली फळ्यांची एक जोडी घेऊन आले. ती बसच्या टपावर टाकताना कंडक्टरनं विचारलं होतं, "चौकट हाय का दाराची?" सर म्हणाले, "न्हाई, जोडे हायत." कंडक्टरनं पुन्हा काही विचारलं नाही.

जोडे हा शब्द ते चेष्टेनं वापरत नसत. फळी म्हणजे नुसता तळ. खरी वस्तू तिच्यावरचं बाइंडिंग, असं त्यांचं म्हणणं. पुढं चवड्यावर बसणारा जाड रबराचा पट्टा, मागं टाचेला धरणारा रबराचाच वाडगा, आणि तो वाडगा पुढंमागं सरकवायला ओळीनं भोकं पाडलेली धातूची पट्टी. हातानं फिरवायचे दोन स्क्रू सैल केले की टाच पुढं घेता येते. आवळले की जागच्या जागी बसते. एकाच जोडीत माझाही पाय बसतो आणि आमच्या शिपायाचा भलामोठा पायही बसतो. कुणी नवा माणूस आला की सर साबणाच्या पाण्याचा मग घेऊन खाली बसत, त्याचे पाय ओले करत, पाय रबरात सरकवत आणि एक बोट टाचेमागं घालून पाहत. मग ठरलेलं वाक्य: "उभं असेपर्यंत धरलं पायजे, पडलं की सोडलं पायजे. घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं, असं न्हाई."

गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागं पाणी भरपूर असतं. तिथं गंगाधरराव नावाच्या एका गृहस्थांकडं बोटिंगचा ठेका होता. त्यांच्याकडं एक वेगवान बोट होती, जी बहुतेक वेळ झाकूनच ठेवलेली असायची. खालिद सरांनी तिचं इंजिन दुरुस्त करून दिलं आणि त्या बदल्यात रविवारी सकाळी ती वापरायची मुभा मिळवली. डिझेल सरांचं. शाळेतले आम्ही काही जण हौसेनं जायचो. बहुतेकांनी एकदा तोंडावर पडून नाद सोडला. मला सरांनी दुसरंच काम दिलं. बोट चालवणाऱ्याला पुढं बघावं लागतं, म्हणून मागं तोंड करून बसायचं आणि दोरीच्या टोकाचा माणूस पडला की ओरडायचं. हे काम मला मनापासून आवडलं. पुढं जे काही सांगणार आहे ते मी त्या मागच्या बाकावरूनच पाहिलेलं आहे.

शिल्पा हदगावची. शाळेत विज्ञान शिकवायची, माझ्याच वयाची, आणि माझी मैत्रीण. तिचा डावा पाय जन्मतः वळलेला होता. लहानपणी ऑपरेशनं झाली, चालता यायला लागलं, पण पाऊल छोटं आणि अरुंद राहिलं, टाच पूर्ण टेकायची नाही. ती कायम मोजे आणि बंद बूट घालायची. दोन वेगळ्या मापांचे बूट लागतात म्हणून दर वेळी दोन जोड्या विकत घ्यायची. हे मला ठाऊक होतं. शाळेत बाकी कुणाला ठाऊक असेल असं तिला वाटत नव्हतं. सरांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं असणार. पण गणिताच्या सरांचा गुडघा चारचौघांत काढणाऱ्या या माणसानं शिल्पाच्या पायाबद्दल दोन वर्षं चकार शब्द काढला नाही.

ती रविवारी आमच्याबरोबर यायची आणि काठावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायची. एका रविवारी सर फळ्या घेऊन तिच्यासमोर आले.

"ताई, नंबर काय तुमचा?"

"मी नाही हो, सर. मला नाही जमायचं."

"जमतं का ते इचारलं न्हाई. नंबर इचारला."

शिल्पानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "कोणत्या पायाचा?"

"दोन्ही सांगा. फळ्या दोन हायत."

"उजवा सहा. डावा तीनच्या आसपास."

"टाच टेकते?"

"पूर्ण नाही."

सर तिथंच मांडी घालून बसले. त्यांनी डाव्या फळीचा वाडगा शेवटच्या भोकापर्यंत पुढं आणला, आत हात घालून पाहिला आणि मान हलवली. "ढिला पडतो. वेळ लागंल. पवता येतं का?"

"येतं. वडिलांनी विहिरीत शिकवलंय." आणि थोडं थांबून, "पाण्यात पाय दिसत नाही, म्हणून."

"मग झालं तर," एवढंच बोलून ते उठले.

त्यांनी ठरवलं की डाव्या बाइंडिंगच्या आत रबराचं वेगळं अस्तर बसवायचं. त्यासाठी माप हवं होतं. रशीदभाई या कामात उस्ताद, पण परक्या माणसासमोर पाय उघडा करायला शिल्पा तयार होईना. तेव्हा सर म्हणाले, मीच घेतो. शाळा सुटल्यावर खेळाच्या खोलीत आम्ही तिघं. शिल्पानं बूट काढला, मग बराच वेळ मोजा काढला नाही. सरांनी घाई केली नाही. ते गॅदरिंगला आणलेल्या लाउडस्पीकरवाल्याबद्दल तक्रार करत राहिले, किती खरखर करतो, पैसे मात्र पुरे घेतो. तिनं मोजा काढला. सरांनी पुठ्ठा खाली सरकवला, पेन्सिल पावलाभोवती फिरवली, सुतळीनं घोट्याचा आणि चवड्याचा घेर घेतला, आणि लाउडस्पीकरवाल्याचं गाऱ्हाणं संपेपर्यंत माप संपलं होतं.

बाहेर आल्यावर शिल्पा मला म्हणाली, "दवाखान्यात या पायाला बघायला दरवेळी डॉक्टर आणखी चार जणांना बोलवायचे. माप आज पहिल्यांदा घेतलं कुणी."

पुठ्ठा लातूरला गेला. रशीदभाईंनी त्यावरून लाकडाचं पाऊल कोरलं. जोडा ज्याच्यावर घडवतात त्या साच्याला कलबूत म्हणतात, तसं. सरांनी ट्यूबचं रबर कापून अस्तर शिवलं आणि ते मावावं म्हणून वाडगा थोडा मागं घेतला. आम्हाला वाटलं, आता शिल्पाला पाण्यात उतरवतील. पण सर म्हणाले, "आधी लाकडाचा पाय पडून बघंल."

त्यांनी कलबुताला वर लोखंडी नळी ठोकली, नळीला वाळूचं पोतं बांधलं, पोत्याला बुडू नये म्हणून रिकामे डबे. ते सगळं प्रकरण फळीवर बसवून बोटीमागं ओढायचं, मग दोरी वाकडी खेचून पाडायचं, आणि पाय रबरातून सुटतो का ते पाहायचं. काठावर मासे धरणारे लोक जाळी सोडून बघायला आले.

एकानं ओरडून विचारलं, "सर, काय धरून राहिले? मगर का?"

"पाय!" सर ओरडले.

पहिल्या खेपेला बोट हलताच पाय निसटला. पोतं काठाशी लोळत राहिलं आणि कोळी मंडळी पोट धरून हसली. सरही हसले. त्यांनी अस्तर जाड केलं. पुढच्या रविवारी पाय बसला, फळी नीट चालली, पण पाडल्यावर पाय सुटेना. फळी आडवी फिरली, पोतं खाली दबलं, नळी घोट्याजवळ वाकली. मी मागून ओरडले. सरांनी इंजिन बंद केलं, सगळं ओढून बोटीत घेतलं आणि ती वाकलेली नळी हातात धरून बसून राहिले. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण त्यांचा चेहरा हसण्यासारखा राहिला नव्हता.

परत येताना त्यांनी सांगितलं. ते एवढं एकदाच बोलले, पुन्हा कधी नाही. आखातात त्यांच्याबरोबर केरळचा एक पोरगा काम करायचा. सुटीच्या दिवशी तो स्वतः फळ्यांवर उभा राहिला. पाय सारखा निसटत होता म्हणून त्यानं बाइंडिंगवरून वेगळा पट्टा आवळला. बोट खालिद सर चालवत होते. तो पडला, पाय सुटला नाही, गुडघा फिरला. "त्याला मी माघारी धाडला, गावाकडं. विमानात तीन सिटांवर झोपवून. मी इचारलं न्हाई त्याला, की पट्टा कशाला बांधला. दिसला होता मला."

त्यानंतर त्यांनी अस्तर तासलं, पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा तासलं. रशीदभाईंचा फोन यायचा, माझं कलबूत पाण्यानं फुगलं असंल, ते फुकटचं न्हाई आलं. सर म्हणायचे, "हाव, हाव, आणून देतो." उन्हाळा जवळ आला, पाणी मागं सरकायला लागलं. शिल्पानं विचारणं सोडून दिलं होतं. मग एका रविवारी लाकडी पाय दर वेळी उभं असेपर्यंत बसला आणि पडल्यावर सुटला. सरांनी कलबूत पुसलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "या ताई."

शिल्पा लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरली. सरांनी तिचे पाय पाण्यातच फळ्यांत बसवले, डाव्या टाचेमागं बोट घालून पाहिलं. "गुडघे छातीशी. हात सरळ. उभं राहायची घाई करू नका, बोट उभं करंल."

तिनं घाई केली. तोंडावर आपटली. दोन्ही पाय सुटले, दोन्ही फळ्या वर तरंगल्या, आणि तिचं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "सुटला! सर, डावा सुटला!" सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि सोडून दिले.

बऱ्याच वेळा पडली ती. मग एकदा उठली. मागच्या बाकावरून मला आधी फक्त फेस दिसला, मग फेसातून तिचं डोकं, मग खांदे, मग ती आख्खी. कमरेत वाकलेली, दात आवळलेले, पण उभी. ती उठली हे सांगायचंही मी विसरले. सर पुढं बघत विचारत होते, "हाय का? ताई, हाय का अजून?" मी म्हटलं, "हाय! हाय!" काठावरचे कोळी शिट्ट्या मारत होते. पलीकडच्या वळणाशी ती पडली, आणि पोहत येऊन बोटीला धरून म्हणाली, "पुन्हा."

काठावर आल्यावर ती अनवाणी वाळूतून पिशवीपर्यंत चालत गेली, सगळ्यांसमोर, आणि डबा काढून तिथंच जेवायला बसली. बूट शेजारी पडून होते.

पावसाळा उतरल्यानंतर शिल्पा दर रविवारी जायला लागली. ती लांब अंतर टिकायला लागली, बोटीनं उठवलेली लाट ओलांडायला शिकली. हे असंच चाललं असतं, पण गंगाधररावांच्या पुतण्याचा वाढदिवस आला. त्याला पाण्यावर उभं राहिल्याचा व्हिडिओ हवा होता. तरणाबांड पोरगा, अंगात रग. दोनदा पडल्यावर त्यानं फळ्या मित्रांकडं नेल्या आणि नायलॉनच्या दोरीनं घोटे बाइंडिंगला करकचून बांधून घेतले. सर बोटीवरून उतरून पाण्यात गेले आणि ते पाहिलं.

"सोडा ते."

"सर, दोन मिनटाचं काम. तुम्ही बोट घ्या पुढं."

सर बोटीत परत आले, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली. गंगाधरराव काठावर उभे होते, त्यांचे पाहुणे होते, केक होता. ते हसत म्हणाले, "सर, पोरगं हाय. हौस करून घेऊ द्या."

"तुमचं पोरगं हाय म्हणूनच न्हाई म्हणून राहिलो."

"बोट माझी हाय, सर."

"हाव. तुमचीच हाय." सरांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. मग पुतण्याकडं वळून म्हणाले, "आन फळ्या माझ्या हायत." ते पाण्यात बसले, ओल्या गाठी सुटेनात तर दातांनी सोडवल्या, फळ्या खांद्यावर टाकल्या आणि आम्हाला म्हणाले, चला.

पुन्हा ती बोट आम्हाला मिळाली नाही. सरांनी मागितलीही नाही. शिल्पा त्यांच्यावर चिडली होती, आणि तिनं ते लपवलं नाही. "एक माफी मागितली असती तर काय गेलं असतं? तुमचं ठीक आहे, सर. तुम्ही आयुष्यभर केलंत हे. मला आत्ता कुठं मिळालं होतं." सर म्हणाले, "बराबर हाय तुमचं." त्यांनी एवढं मान्य केल्यावर तिला आणखी राग आला. बरेच दिवस ती स्टाफरूममध्ये त्यांच्यापासून लांब बसायची.

उन्हाळ्याच्या सुटीआधी सर तिच्या टेबलाशी आले. कोकणात खाडीवर बोटी चालवणारा एक जुना ओळखीचा होता, त्याच्याशी ते बोलून आले होते. "फळ्या घेऊन जा. मी येत न्हाई. माझ्यापेक्षा चांगली बोट चालवतो तो." शिल्पा आणि मी गेलो. फळ्या पुन्हा बसच्या टपावर. खाडीत ती पहिल्याच ओढीला उठली. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्याकडं धरला. सुटीत लातूरच्या दुकानात बसलेल्या सरांचं नाक फोनला चिकटलेलं दिसत होतं. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते म्हणाले, "डावी टाच उचलून राहिली. एक भोक पुढं घ्या." ती बोटीशी आल्यावर मी सांगितलं. तिनं स्क्रू सैल करून टाच एक भोक पुढं घेतली, आणि फोनकडं बघून म्हणाली, "घेतलं, सर." त्या दिवशी त्यांचं भांडण मिटलं.

निवृत्त झाल्यावर सर लातूरला गेले. फळ्या शिल्पाला दिल्या. देताना एवढंच सांगितलं, साबणाचं पाणी जास्त घट्ट करू नका, रबर चिरतं. काही वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. गेल्या वर्षी ते गेले. त्याआधी काही महिने आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो होतो.

उजवा हात लुळा पडला होता, बोलणं थोडं घसरायचं. घरी न बसता दुकानात येऊन बसले होते. रशीदभाई गिऱ्हाइकं करत होते आणि सर स्टुलावरून सूचना देत होते, त्यामुळे रशीदभाई वैतागले होते. चहा झाला. रशीदभाईंच्या पत्नी नसीमभाभींनी घरून शेंगदाण्याच्या पोळ्या पाठवल्या होत्या, त्या बांधून दिल्या. आम्ही निघालो तर सर काठी घेऊन उठले. रशीदभाई म्हणाले, "बस ना रे, जातील त्या." ऐकलं नाही.

दुकानासमोरचा रस्ता बाजाराच्या दिवशी ओलांडता येत नाही. रिक्षा, दुचाक्या, मधे सोयाबीनच्या पोत्यांचा टेम्पो. आम्ही दोघी कडेला थांबलो. सरांनी काठीसकट डावा हात वर केला आणि सरळ रस्त्यात उतरले. तोंड वाकडं झालं होतं तरी खेळाच्या मैदानावर काढायचे तसा आवाज काढला: "थांब!" पहिली रिक्षा थांबली, मग तिच्या मागची, मग टेम्पो. कुणीतरी हॉर्न वाजवला, सरांनी तिकडं नुसतं पाहिलं. आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडं जाऊन मी मागं वळले, आता ते माघारी जातील म्हणून. पण ते तिथंच उभे होते, हात तसाच वर. आमच्या मागून डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी निघाली होती, तिच्या मागं शेळी ओढत एक माणूस. शेळी मधेच अडली. टेम्पोवाला वाकून काहीतरी बोलला. सर शेळीची वाट बघत उभे राहिले.